मदत हवी आहे: स्पर्शिका-छेदिका कोन वापरताना पायरी कुठे चुकतेय?

दहावी भूमिती, वर्तुळ प्रकरण. दोन वर्तुळं अ आणि म मध्ये छेदतात. म मधून जाणारी रेषा त्यांना पुन्हा ब आणि ड मध्ये छेदते, म हा ब-ड च्या मध्ये. ब आणि ड मधून काढलेल्या स्पर्शिका क मध्ये मिळतात. साध्य: अबकड चक्रीय आहे, म्हणजे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत.

मी असं लिहिलं: ∠अबक = ∠बमअ, ∠अडक = ∠अमड (स्पर्शिका-छेदिका कोन: स्पर्शिका आणि जीवा यांतला कोन त्याच्या आतल्या कंसाच्या निम्मा). ∠बमअ आणि ∠अमड रेषीय जोडीतले, म्हणून बेरीज 180°. साध्य तर मिळतं, पण आकृतीत ∠अबक 110° भरतो आणि ∠बमअ 70°. असं कसं?

प्रतिसाद 1
मोजून पाहिलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर ही चूक सापडतच नाही. ∠अबक च्या आत येणारा कंस पेन्सिलीने गडद करा. तो अमब आहे, आणि म त्याच कंसावर बसलाय. तेवढाच आंतरलिखित कोन (वर्तुळावर शिरोबिंदू असलेला) हवा तर त्याचा शिरोबिंदू समोरच्या कंसावर लागतो. त्यामुळे इथे ∠अबक = 180° − ∠बमअ. ड पाशीही हीच गडबड झाली. दोन्ही कोनांच्या जागी त्यांचे पूरक कोन आले, आणि मूळ दोघांची बेरीज 180° असल्याने पूरकांचीही 180° च आली. म्हणून शेवट जुळला. पायरी मात्र चूकच.

सरळ वाट: रेख अम काढा. ही रेषा नसेल तर काहीच हलत नाही.
∠कबम = ∠बअम (दोन्ही कंस बम चे निम्मे)
∠कडम = ∠डअम (दुसऱ्या वर्तुळात, कंस डम)
बेरीज करून ∠कबड + ∠कडब = ∠बअड.
△बकड मध्ये ∠कबड + ∠कडब + ∠बकड = 180°, म्हणून ∠बअड + ∠बकड = 180°.

कारणाच्या रकान्यात शेवटी ‘चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाचा व्यत्यास’ (संमुख कोनांची बेरीज 180° असेल तर चौकोन चक्रीय) लिहा. नुसतं ‘चक्रीय चौकोनाचं प्रमेय’ लिहिलं तर जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरल्यासारखं होतं.

प्रतिसाद 2
एक भर. कंसाचं नाव तीन अक्षरांनी लिहायची सवय लावा. ‘कंस अब’ म्हटलं की लहान की मोठा हे कळत नाही, आणि इथे नेमकं तिथेच घसरलं.

तुमची वाटही दुरुस्त होते: ∠अबक = 180° − ∠बमअ, ∠अडक = 180° − ∠अमड, बेरीज 360° − 180° = 180°. रेख अम इथेही हवीच.

धागाकर्ता
कंस गडद केल्यावर लगेच दिसलं. ∠अमड 110° भरला, म्हणजे ∠अबक त्याच्याशी जुळतो. दोघांचे आभार.