बर्फातली शर्यत : चास्पोलादासाठी सल्ला हवा आहे (चौघे, त्यात पळणारा एकच)

इसारकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला राहणारे चौघे : तीन मैत्रिणी आणि त्यातल्या एकीचा नवरा. खरा पळणारा तो एकटाच, सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केलेला. मी आठवड्यातून दोनदा नदीकाठी पाचेक किलोमीटर पळते. उरलेल्या दोघी 'चालू, अगदीच वेळ आली तर पळू' या पंथाच्या.

स्कीइंग कोणालाच येत नाही आणि आता शिकायचंही नाही. म्हणून स्नोशूची (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली पट्ट्यांनी बांधायची रुंद पावलं) एखादी शर्यत करावी असं डोक्यात आलंय. इटलीतल्या वाल दि नोन दरीतल्या चास्पोलादा या शर्यतीचं नाव ऐकलं. कोणी केली आहे का? स्नोशू विकत घ्यायचे की भाड्याने? आणि मुख्य म्हणजे चौघांनी एकत्र करण्यासारखी आहे का, की भांडणं होतील?

घाटपळ्या

दोनदा केली आहे. भांडणं पहिल्या वेळी झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ही शर्यत १९७३ पासून चालू आहे. गाव फोंडो. (फोंडा नव्हे. आमच्या गटातला सावंतवाडीचा मित्र शेवटपर्यंत 'फोंडाघाट'च म्हणत होता.) तिथल्या बोलीत स्नोशूला चास्पोले म्हणतात, त्यावरून हे नाव. तारीख ६ जानेवारीच्या आसपास असते, नक्की कधी ते त्या वर्षीचं बघून घ्या. ६ जानेवारीला तुमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातही सुट्टी असते, म्हणजे तुमची रजा वाचू शकते. अंतर दर वर्षी सारखं नसतं, पण अलीकडे दहा किलोमीटरच्या आतच असतं. हजारो लोक येतात, आजीआजोबा, लहान मुलं, सगळे. थोडेच जण जिंकायला पळतात, बाकीचे गप्पा मारत जातात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. स्पर्धात्मक आणि बिनस्पर्धेचा असे दोन गट असतात. इटलीत स्पर्धात्मक गटात पळायचं तर खेळासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, साधी 'तब्येत ठीक आहे' अशी चिठ्ठी चालत नाही. परदेशी धावकांना कोणता नमुना चालेल ते आयोजकांना आधीच विचारा, कारण डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत डिसेंबर उजाडतो. माझं मत विचाराल तर चौघांनीही बिनस्पर्धेच्या गटात नाव घाला. पळणाऱ्याला फारच खाज असेल तर त्याने स्पर्धेत जावं, पण मग 'एकत्र करू' हा शब्द कोणी काढायचा नाही. आम्ही पहिल्या वर्षी काढला होता. पहिल्याच चढावर मी पुढे निघालो, मागे मित्राच्या स्नोशूचा पट्टा तीनदा सुटला आणि तिघं बर्फात गारठत उभे राहिले. मी शेवटच्या रेषेपाशी गरम चहा पीत होतो. परतीच्या गाडीत ब्रेनरच्या खिंडीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही.

तर पट्टे! घरी हातमोजे घालून बांधायचा सराव करा. उघड्या बोटांनी सोफ्यावर बसून ते सगळ्यांनाच जमतं. पट्ट्याचं लोंबतं टोक आत खोचा.

पळताना पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून टाका, नाहीतर एका पायाचा स्नोशू दुसऱ्या घोट्यावर बसतो. निळा डाग महिनाभर राहतो. मागे पाऊल टाकायचं नाही, स्नोशूची शेपटी (मागचं टोक) बर्फात रुतते आणि माणूस बसतो. सुरुवातीच्या गर्दीत पुढच्याच्या शेपटीवर तुमचा पाय पडणार किंवा तुमच्यावर मागच्याचा, म्हणून पहिला अर्धा किलोमीटर कडेने जा. दाबलेल्या वाटेबाहेर मऊ बर्फ असतो, तिथे ओलांडायला गेलात तर चिखलणी केलेल्या भातखाचरातून पळाल्यासारखं वाटतं. ज्यांनी ते केलंय त्यांना कळेल.

पुणेरी_पाणी

सिंहगडावर रोज जाणाऱ्याला हे सोपं जाईल का?

घाटपळ्या

फुफ्फुसांना हो, मांड्यांना नाही. प्रत्येक पावलाला गुडघा जास्त उचलावा लागतो. आणि टाचेमागून उडणारा बर्फ थेट पाठीवर बसतो. पुण्यात त्याची सवय फक्त पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलवाल्याला असते.

डोंगरकावळा

स्नोशू घेऊ नका, भाड्याने आणा. आल्प्समधल्या स्कीच्या गावांत मिळतात, आल्पेनफेराइनचे (तिथला गिर्यारोहण संघ) सभासद असाल तर तिथेही विचारा. पण भाड्याचे बहुतेक भटकंतीचे, लांब आणि जड असतात. दुकानदाराला 'शर्यत' म्हणून सांगा आणि तुमच्या वजनाला चालेल असा सर्वांत छोटा जोड मागा. पळायचे जोड वेगळेच असतात : आखूड, अरुंद, हलके.

खाली बूट साधे ट्रेलचे चालतात, बर्फ आत जाऊ नये म्हणून वर गेटर (घोट्याभोवतीचं कापडी आवरण). सुती मोजे, सुती बनियन अजिबात नको, घाम आला की थंडी हाडात शिरते. सुरुवातीला थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला.

इसारकाठची

@डोंगरकावळा, म्हणजे चौघांचे जोड वेगवेगळे आणावे लागतील? एकीचं वजन माझ्या दीडपट आहे (तिने हे वाचू नये).

डोंगरकावळा

हो, वजनाप्रमाणेच. तिला सांगा की मोठा जोड मऊ बर्फात कमी रुततो.

शेंगदाणा

मी स्टुटगार्टहून गेले होते. चिक्की नेऊ नका!! उणे आठमध्ये दगड होते, माझं दाढेचं फिलिंग निघालं. गुळपापडीची मऊ वडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी परत आत ढकला.

शाकाहारी असाल तर तिथले बटाट्याचे तोर्तेल शोधा. किसलेल्या बटाट्याचं तळलेलं थालीपीठच म्हणा. सोबत सलामी देतात, ती नको म्हणून आधीच सांगायचं. आणि सफरचंदं! ती सगळी दरीच सफरचंदाची आहे.

पुणेरी_पाणी

आपल्याकडेही आहे हे. २०२० मध्ये गुलमर्गला खेलो इंडियाच्या पहिल्या हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यात स्नोशू होतं. लोकांना आधी इटलीच आठवते.

घाटपळ्या

बरोबर आहे, पण त्या म्युनिकला राहतात. गुलमर्गला जायचं तर रजा वाचणार नाही.

एक राहिलं. बर्फ पडेलच याची खात्री धरू नका. कमी बर्फाच्या वर्षी पिवळ्या कुरणातून कृत्रिम बर्फाची पांढरी पट्टी अंथरतात आणि तिच्यावरून सगळे पळतात. फोटोत विचित्र दिसतं. तरी रस्त्यासाठी गाडीला हिवाळी टायर हवेतच, फोंडोला बोल्झानोकडून मेंडेलच्या खिंडीतून चढून जावं लागतं.

सरावाला म्युनिकच्या दक्षिणेला स्पिट्झिंगझे तलावाच्या बाजूला जा, पण आखलेल्या हिवाळी वाटांवरच. वाट सोडून उतारावर जायचं असेल तर आधी हिमस्खलनाचं दिवसाचं पत्रक बघा. धोक्याची पातळी पाचपैकी तीन असेल तर मी स्वतः घरी बसतो.

इसारकाठची

सगळ्यांचे आभार. ठरलं : तिघी बिनस्पर्धेच्या गटात, जोड भाड्याचे. नवरोबांनी मात्र हा धागा वाचून लगेच प्रमाणपत्रासाठी डॉक्टरची वेळ घेतली. जाऊ दे. गुळपापडी आमच्या खिशात असणार आहे, फार लांब नाही जाणार.