शब्दचर्चा : आनुवंशिक, जनुकीय, जन्मजात

रंकाळाकाठ :
शिवाजी पेठेत आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या पोराला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघालाय. भेटायला येणारं प्रत्येक माणूस त्याच्या आईलाच विचारतं, "तुमच्या माहेरात कुणाला हुतं काय?" डॉक्टर 'जनुकीय बदल' म्हणाले, घरी येईपर्यंत त्याचं 'अनुवांशिक' झालं. घराण्यातलं काही नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, तरी ती रोज रडते. हे शब्द एकच आहेत का?

पेठेतला मास्तर :
नाहीत. आधी लेखन : अनुषंगाचं आनुषंगिक होतं, तसं अनुवंशाचं 'आनुवंशिक'. 'अनुवांशिक' चूक.

जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, एवढंच. ल्युकेमियाच्या पेशींत जनुकीय बदल असतातच, पण बहुतेक वेळा ते अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथल्या) एखाद्या पेशीत मागाहून झालेले असतात. १९६० साली ओळखलेलं 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' घ्या. ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनतं, आणि त्यातून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होतो. रुग्णाच्या मुलाबाळांत ते उतरत नाही.

जन्मजात आणखी वेगळं. मुलांच्या ल्युकेमियात ईटीव्ही६ आणि रनएक्स१ ही जनुकं एकमेकांना चिकटण्याचा प्रकार पुष्कळदा आईच्या पोटातच घडतो. बाळ तो बदल घेऊन जन्मतं, पण तो आईबापाचा नसतो. शिवाय असा बदल असलेल्या बहुतेक बाळांना पुढं ल्युकेमिया होतही नाही.

रंकाळाकाठ :
मग आईबापाकडून काहीच येत नाही म्हणायचं?

पेठेतला मास्तर :
येतं की. एआरआयडी५बी, आयकेझेडएफ१ अशा जनुकांतले काही भेद चारचौघांतही आढळतात. त्यांनी धोका थोडा वाढतो, पण मुळातच हा आजार हजारांत एकाही मुलाला होत नाही, त्यामुळं भेद असलेली बहुतेक मुलं धडधाकट राहतात. रनएक्स१, गाटा२, डीडीएक्स४१ यांतला मोठा बिघाड मात्र दुर्मीळ, आणि तो खरोखर घराण्यात चालतो. डीडीएक्स४१मधल्या बिघाडाचा परिणाम तर अनेकदा उतारवयात दिसतो. म्हणून अशा घरात रुग्णात रोपणासाठी भावाबहिणीची अस्थिमज्जा घेण्याआधी दात्याचीही जनुकं तपासावी लागतात. 'आनुवंशिक' हा शब्द इथं वापरावा. तेव्हासुद्धा वारशानं येतो तो धोका, आजार नव्हे.

तालीमकर :
घोळ 'रक्त' या शब्दापासनंच आहे. आमच्या तालमीत "कुस्ती त्येच्या रक्तातच हाय" म्हणतात, तिथं रक्त म्हणजे घराणं. 'रक्ताचा कर्करोग' ऐकलं की तोच अर्थ डोक्यात येतो.

रंकाळाकाठ :
हे सुचलंच नव्हतं. तिच्या सासूबाईंना नेमकं काय सांगू?

पेठेतला मास्तर :
सांगा, "मावशी, पोराच्या एका पेशीत बदल झालाय. त्यो ना माहेरचा, ना सासरचा." सुनेच्या समोर सांगा.