जिन्यामधली पोकळी की बाहेरची भिंत?

घरात लिफ्ट बसवायची तर जिन्याच्या मधल्या पोकळीतच बसवा, हा सल्ला वाचला. स्लॅब फोडावा लागत नाही हे खरं, पण आधी टेप घेऊन पोकळी मोजा. व्हीलचेअर आत जायची तर केबिन साधारण ११०० बाय १४०० मिमी हवी. बहुतेक जिन्यांत तेवढी जागा निघत नाही. शिवाय दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. ती सगळेच विसरतात.

आम्ही आईसाठी लिफ्ट बसवली तेव्हा खालचा हॉल बघूनच जागा ठरवली होती. नशीब, वरच्या मजल्यावर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) धरून पाहिला, तर दार नेमकं बाथरूममध्ये उघडत होतं! शेवटी बाहेरच्या भिंतीला लागून शाफ्ट, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाण्याची उभी जागा, उभारला. खिडकी गेली, पण घरातली एकही बीम तोडावी लागली नाही. फक्त शाफ्टच्या तळाच्या खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, पावसाचं पाणी तिथेच साचतं.

आणि लिफ्टची मोटर बेडरूमच्या भिंतीला नको. रात्री कुणी पाणी प्यायला खाली गेलं तरी आवाजाने सगळ्या घराला कळतं.