धुराची गाडी आली नाही म्हणून डेंग्यू झाला?

गिरणाकाठ: "पालिकेची धुराची गाडी महिनाभर फिरली नाही, म्हणून वॉर्डात डेंग्यू पसरला" ही पोस्ट सकाळपासून फिरतेय. चीड आली म्हणून लिहितो. धुराने त्या घटकेला उडत असलेला डासच मरतो. अंडी, अळ्या, कोष शाबूत राहतात आणि सात-दहा दिवसांत नवे डास तयार. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास राहतो घरात: पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. गाडीचा आवाज आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. मग तो डिझेलचा धूर कुणाला लागणार?

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे घरातली साठवणीची सगळी भांडी त्या दिवशी रिकामी करा. ड्रम नुसता उपडा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. आतली कड काथ्याने घासा, ते पाणी मातीवर ओता आणि ड्रमच्या तोंडाला सुती कापड घट्ट बांधा. कुलर तर आपल्याकडे घरोघर. पहिला पाऊस झाला की तो बंद होतो, तळाशी दोन बोटं पाणी तसंच राहतं.

धुळे_७७: अर्धंच सांगताय. विषाणू घेऊन उडणारी मादी घासण्याने मरत नाही. रुग्ण सापडला की त्याच्या आणि शेजारच्या घरांत पायरेथ्रम हे डास मारायचं औषध मारावंच लागतं. २ टक्क्यांचं औषध १ भाग, रॉकेल १९ भाग, हातपंपाने घराच्या आत. आधी चूल-दिवा विझवायचा, अन्न-पाणी झाकायचं, माणसं बाहेर काढायची, अर्धा तास दारं बंद. सगळ्याच फवारणीला नावं ठेवू नका.

गिरणाकाठ: घरातली फवारणी मान्य. मी गाडीबद्दल लिहिलं होतं.

अमळनेरनी_माय: नळ आठ-आठ दिन येस नई भो! पानी वती देवानं, मंग पेवानं काय? नळ रोज सोडा, मग शिकवा कोरडा दिवस.

हिवताप_विभाग_निवृत्त: ताई, ओतू नका. पाण्यातल्या अळ्या मारणारं टेमीफॉस आहे ना. ५० टक्क्यांचं औषध १००० लिटरला २ मिली. वास येतो म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी पाणी फेकतात आणि औषध वाया जातं.

रावेरकर: पिण्याच्या पाण्यात ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक?

हिवताप_विभाग_निवृत्त: लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेला चालतं. वरचा हिशेब तेवढाच येतो.

रावेरकर: मोजून टाकत असतील तर ठीक. २०० लिटरच्या ड्रमला ०.४ मिली लागतं. झाकणाने अंदाजे ओतणं आधी थांबवा. आणि विषाचंच बोलायचं तर घरातलं बघा. बंद खोलीत एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, हे २००३ मध्येच मोजलं गेलंय. ती आपण लेकरांच्या उशाशी लावतो! नोंदणी क्रमांक नसलेल्या 'हर्बल' अगरबत्त्यांत डायमेफ्लुथ्रिन हे रासायनिक कीटकनाशक निघतं.

चोपडा_शेती: त्याहून वाईट सांगतो. कपाशीवर मारायचं उरलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पंपात टाकून घरात, गोठ्यात मारतात. ते शेतातलं औषध आहे, श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातं. लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप: यातलं काही दिसलं की अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. उलटी काढायला लावू नका. तिथे ॲट्रोपिन हा उतारा देतात.

धुळे_७७: शेतातल्या औषधाबद्दल एक शब्द वाद नाही. कॉइलचंही खरं. पण लिक्विडच्या मशीनला त्याच मापाने मोजू नका, त्यात काही जळत नाही.

रावेरकर: जळत नाही म्हणून रात्रभर बंद खोलीत हुंगायचं?

धुळे_७७: बंद खोलीत लावा असं मी कुठे म्हटलं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. डेंग्यूने माणसं दगावतात. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त सुरू होतं. आयब्रुफेन तर देऊच नका, पॅरासिटामॉल द्या.

रावेरकर: मग खिडक्यांना जाळ्या बसवा, विषाचा प्रश्नच येत नाही. दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी लावा, एडिस दिवसा चावतो.

सातपुडा_धडगाव: आमच्याकडे उलट आहे. ॲनोफिलिस रात्री चावतो, हिवताप त्याचाच. औषधी मच्छरदाणी मिळते, पण लोक ती कडक उन्हात वाळवतात. सावलीत वाळवा, उन्हाने तिच्यातलं डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक उतरतं.

अमळनेरनी_माय: जाळ्या झाल्या, मच्छरदाणी झाली. नळाचं कोणी बोललंच नाही.