अर्ज दादांच्या नावाने नको, मंडळाच्या नावाने
आपल्या मंडळाच्या मुलांना डोंगरात नेणाऱ्या दादांचं नाव जिल्हा युवा पुरस्कारासाठी पाठवू, ही इथे कुणीतरी केलेली सूचना मनापासून पटली, पण एक अडचण आहे. तो पुरस्कार राज्याच्या 2012 च्या युवा धोरणातला. वैयक्तिक गटात 13 ते 35 वयाचेच बसतात आणि दादांनी पन्नाशी ओलांडलीय. संस्थांसाठी मात्र वेगळा पुरस्कार असतो. आपलं मंडळ नोंदणीकृत आहे, तेव्हा त्याच्याच नावाने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करू या.

माझा मुलगा सहा वर्षं त्यांच्या गटात आहे. ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावरून उतरताना दादा कायम सगळ्यांच्या मागे, हातात मुलांच्या नावांची वही. एकदा याचा पाय मुरगळला, तर त्याला पाठुंगळी घेऊन फाटकापर्यंत आले. दादांचा सत्कार होईल तेव्हा ती वही मुलांनीच वाचून दाखवावी, असं फार वाटतं.