शब्दचर्चा : ट्रेमोलो की व्हायब्रॅटो? भोक न पाडता बसणाऱ्या टेलपीसचे शब्द

नौपाडा, ठाणे

इलेक्ट्रिक गिटारला भोक न पाडता व्हायब्रॅटो टेलपीस कसा बसवायचा, यावर क्लासच्या मुलांसाठी दोन पानी टिपण मराठीत लिहितो आहे. टेलपीस म्हणजे तारांची मागची टोकं जिथे अडकतात तो भाग; व्हायब्रॅटो टेलपीसला एक बार, म्हणजे हाताने दाबायचा दांडा असतो, त्याने सूर खालीवर होतो. गिटार लेस पॉल घाटाची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज वेगळा आणि त्यामागे दोन स्टडवर, म्हणजे जाड स्क्रूंवर, अडकवलेला न हलणारा स्टॉप टेलपीस. काम समजावता येतं, शब्दांपाशी अडतो. दुकानात सगळे 'ट्रेमोलो' म्हणतात, पुस्तकात 'व्हायब्रॅटो' दिसतं. खरा शब्द कोणता? आणि टेलपीस, नट (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी), स्टड, बार यांना मराठीत काही आहे का, की तसेच ठेवायचे?

वाशी

'ट्रेमोलो' लिहू नका. दोन्ही शब्द इटालियन आणि दोन्हींचं मूळ थरथरण्यात, पण संगीतात त्यांची वाटणी पक्की झालेली आहे. सुराची उंची खालीवर होते तो व्हायब्रॅटो. सूर तोच राहून आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो. मॅन्डोलिनवर एकच सूर भराभर छेडत धरून ठेवतात, तोही ट्रेमोलो. बार दाबला की तारेचा ताण कमी होतो आणि सूर उतरतो. उंचीच बदलते आहे, तेव्हा शंकेला जागा नाही.

घोटाळा फेंडर या गिटार कंपनीच्या नामकरणाने पसरला. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारवरच्या यंत्रणेला लिओ फेंडर यांनी 'सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो' म्हटलं, १९५६ मध्ये मिळालेल्या पेटंटातही 'ट्रेमोलो' हाच शब्द आहे. उलट त्याच कंपनीच्या साठच्या दशकातल्या काळ्या पॅनेलच्या ॲम्प्लिफायरवर 'व्हायब्रॅटो' लिहिलेला चॅनल आवाजाची पातळी हलवतो. दोन्ही नावांची सरळ अदलाबदल. पॉल बिग्सबी यांचा टेलपीस स्ट्रॅटोकास्टरच्या आधीचा, आणि तो 'ट्रू व्हायब्रॅटो' या नावाने ओळखला जातो. ते नाव बरोबर आहे.

हा काथ्याकूट वाटेल, पण तुमच्या मुलांच्या खिशाशी त्याचा संबंध आहे. 'ट्रेमोलो द्या' म्हटलं की बहुतेक वेळा स्ट्रॅटचा ब्रिज हातात पडतो. त्याच्या पोटाला धातूचा ठोकळा आणि मागे स्प्रिंगा असतात. त्यासाठी गिटारचं लाकूड आरपार कोरावं लागतं. लेस पॉलवर तो बसतच नाही. 'स्टडवर बसणारा व्हायब्रॅटो टेलपीस' एवढं पूर्ण म्हणायला शिकवा.

चरई, ठाणे

आपल्याकडचे शब्दही तपासून पाहू, कारण ते आहेत. तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'त शार्ङ्गदेवांनी पंधरा गमक, म्हणजे सूर हलवण्याचे प्रकार, दिले आहेत. त्यांत 'कंपित' वेगळा आणि 'आंदोलित' वेगळा. कंपित जलद, आंदोलित संथ. म्हणजे हलण्याच्या वेगावरून नाव बदलण्याइतकी बारीक नजर या भाषेला पूर्वीपासून आहे. बार हळूहळू हलवून एखादा सूर झुलवला, तर दरबारी कानड्यातला कोमल गंधार ऐकलेला माणूस त्याला आंदोलनच म्हणेल. बार एकदाच दाबून सूर खाली नेला आणि तिथेच ठेवला, तर मात्र तो कंप नाही, मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याच्या, जातीचा प्रकार झाला. मुलांना हा फरक कानाने दाखवण्यासारखा आहे.

तरी 'आंदोलन' टिपणाच्या मथळ्यात घालू नका. संगीत न शिकलेल्या वाचकाला त्यातून मोर्चा दिसतो. नुसत्या 'कंप'ला 'कंप सुटला' याची सावली आहे, त्यात आपोआप, नकळत हलणं येतं. इथे तर हात मुद्दाम हलवतो. माझ्या मते परिणामाला 'स्वरकंप' म्हणा आणि वस्तूला 'व्हायब्रॅटो टेलपीस'च राहू द्या.

नौपाडा, ठाणे

'स्वरकंप' पटला. मग टेलपीसला काही?

चरई, ठाणे

आहे, आणि नेमका आहे. तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या तळाशी तारा जिथे अडकवतात तो 'लंगोट'. टेलपीसचं काम तंतोतंत तेच. ब्रिज म्हणजे 'घोडी', नट म्हणजे 'अटी'. मिरजेच्या वाद्यकारांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराला 'अटीपाशी तार अडकते' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. 'नट' मात्र जपून वापरा: जांभळी नाक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात नट मागितला तर बोल्टाचा नटच मिळणार. टिपणात पहिल्यांदा 'नट, म्हणजे अटी' असं लिहून पुढे अटीच चालवा.

बारला 'तरफ' म्हणायचा मोह होईल, कारण शाळेच्या विज्ञानात तो तरफच आहे. पण वाद्यांच्या जगात तरफ म्हणजे सतारीच्या पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा. 'दांडी'ही नको, ती तंबोऱ्याची मान. बारला बारच म्हणावं.

रबाळे

स्टडबद्दल मी लिहितो, कारण चुकीच्या शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

लाकडात घट्ट ठोकलेली, आतून आटे असलेली धातूची नळी, ती 'बुश'. तिच्यात फिरवून बसवतात तो 'स्टड'. व्हायब्रॅटो टेलपीस किंवा त्याची पट्टी स्टॉप टेलपीसच्या जागी याच दोन स्टडवर बसते, म्हणून भोक पाडावं लागत नाही. सगळा डोलारा आट्यांवर. आणि लोक विचारतात काय, तर 'आठ एमएमचा स्टड आहे का?' हा प्रश्न अर्धाच आहे.

अमेरिकेत बनलेल्या गिब्सन गिटारवर स्टड इंचाच्या मापाचा असतो: व्यास ५/१६ इंच आणि एका इंचात २४ आटे. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींवर मेट्रिक एम ८, आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच, आणि कॅलिपरनेही व्यास मोजला तर सहा शतांश मिलिमीटरचाच फरक. म्हणून व्यास मोजून निकाल लावू नका. दहा आट्यांची लांबी मोजा. मेट्रिक असेल तर साडेबारा मिलिमीटर भरेल, इंचाचा असेल तर साधारण १०.६. हा फरक साध्या फूटपट्टीवरही दिसतो.

चुकीचा स्टड पहिला दीड-दोन फेरा बोटांनी आरामात जातो, मग अडतो. इथे माणूस पाना लावतो आणि बुशचे आटे जातात. मग बुश उपटून नवी बसवावी लागते, आणि उपटताना भोवतीचं पॉलिश तडकण्याची भीती असते. म्हणून टिपणात एक वाक्य ठळक घाला: स्टड शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, अडला तर उलटा काढा. दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतरही मोजा. लेस पॉल घाटात ते साधारण ८२ मिलिमीटर असतं. ब्रिजच्या खांबांमधलं ७४, ते वेगळं. दोघांची गल्लत करून भाग मागवला की परत पाठवावा लागतो.

स्टड मिळतच नसेल तर जुना स्टड नमुन्याला देऊन वागळे इस्टेटमध्ये किंवा इकडे टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर करून घेता येतो. तिथे 'आट्याचा गेज लावून बघा' एवढं म्हणा, समजतं. 'चूडी'ही समजते, पण टिपण मराठीत आहे तर 'आटे' लिहा. फार चांगला शब्द आहे.

ऐरोली

'भोक न पाडता' या शब्दांचा अर्थही टिपणात स्पष्ट करा, कारण तो वस्तूगणिक बदलतो. नुसता बिग्सबी बी ७ घेतलात तर गिटारच्या वरच्या पृष्ठभागात स्क्रू मारावे लागतात. त्याच बी ७ खाली व्हायब्रामेटची व्ही ७ पट्टी घेतली की ती स्टडांवर बसते आणि बिग्सबी त्या पट्टीवर. ड्युसेनबर्गचा लेस ट्रेम थेट स्टडांवर बसतो, सुटसुटीत आहे. स्टेट्सबारचाही स्टॉप टेलपीसच्या जागी बसणारा प्रकार आहे. शेपटाकडचा आधार लागणाऱ्या रचनेत गिटार खांद्याला अडकवायच्या पट्ट्याच्या खुंटीचाच स्क्रू काढून तिथे बसवतात. म्हणजे 'नवीन भोक नाही' हे खरं, 'एकही स्क्रू काढायचा नाही' हे खरं नाही. जुना टेलपीस आणि त्याचे स्टड पिशवीत जपून ठेवले की गिटार कधीही मूळ रूपात येते.

क्रियापद 'बसवणे' ठेवा. 'फिट करणे' ऐकलं की मुलं आवळायला धावतात. तारा काढल्या की ब्रिज खांबांवर नुसता टेकलेला राहतो आणि गिटार उलटी केली की पडतो, म्हणून आधी त्याला कागदी टेप लावा. अंगावर जाड फडकं. नवा भाग ठेवून दोन्ही स्टड फक्त बोटांनी बसवा. मग पहिली आणि सहावी तार सैल चढवून मानेच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर बघा. एका बाजूला जास्त भरलं तर आत्ताच भाग सरकवा. त्यानंतर दोन्ही स्टड आलटून पालटून, पाव-पाव फेरा, आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर पट्टी तिरकी बसते.

बिग्सबीवर तार चढवणं हे पहिल्यांदा रडवणारं काम. तारेच्या टोकाच्या मण्याचं भोक रुळावरच्या बारीक पिनेत अडकवायचं असतं, आणि वरून खुंटी फिरवेपर्यंत मणी निसटतो. मणी अडकवण्याआधी तारेचं शेवटचं दोन-अडीच सेंटिमीटर टोक पेन्सिलीभोवती दाबून अर्धगोल वाकवा. तार रुळाला वळसा घालून दाबपट्टीच्या रुळाखालून येऊ द्या, मग पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून तिला धरून ठेवा आणि खुंटी फिरवा. बिग्सबी नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

नेरूळ

सूर न राहण्याची तक्रार शंभरातल्या बहुतेक जणांची असते आणि सगळे ती एकाच शब्दात सांगतात: 'ट्यूनिंग जातं'. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांतच निदान आहे. तार 'चढी' राहिली की 'उतरी'?

बार पूर्ण खाली दाबा, सोडा, आणि ट्यूनर बघा. दाबल्यावर तार ढिली पडते आणि अटीमागचा ताणलेला तुकडा तिला खुंटीकडे थोडी ओढून घेतो. सोडल्यावर ती तेवढीच परत सरकायला हवी. अटीच्या खाचेत अडकली तर वाजणाऱ्या भागात तार कमी उरते, ताण वाढतो, सूर चढा राहतो. हीच तार बोटाने फ्रेटबोर्डवर आडवी ओढून सोडली आणि सूर जागेवर आला, तर दोष अटीचाच. कधीकधी 'टिण्' असा बारीक आवाजही येतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या गिटारच्या डोक्यात तिसरी आणि चौथी तार अटीतून सगळ्यात तिरकी बाहेर पडतात, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर.

सूर उतरा राहिला तर अडथळा ब्रिजवर. तिथे उलटं घडतं: टेलपीसकडचा तुकडा पुन्हा ताणला जातो, पण घर्षणामुळे तो ताण पूर्ण पलीकडे पोचत नाही. दाबपट्टीमुळे तार ब्रिजवरून फार तीव्र कोनात खाली जात असेल तर हे हमखास होतं. रोलर ब्रिज, म्हणजे तारांखाली फिरती चाकं असलेला ब्रिज, लावणं हा उपाय, पण त्याआधी त्याच्या खांबांची भोकं तुमच्या खांबांच्या जाडीची आहेत का ते बघा; लाकडात थेट बसवलेले जुन्या पद्धतीचे खांब बारीक असतात. कोन फार उथळ असेल तर तार खाचेतून उडते किंवा सतारीसारखी जवारी ऐकू येते, आणि ती इथे नको असते.

आणि प्रत्येक वेळी, बार कुठल्याही दिशेला नेला तरी, थोडा थोडा उतरतच असेल तर खुंटीवरचे वेढे सैल आहेत. दोन-तीन वेढे पुरेत. तारा हाताने ओढून, परत लावून, पुन्हा ओढा, हे चार-पाच वेळा.

अटीच्या खाचेत टूबी पेन्सिलीचं शिसं घासा. तेल नको. त्यात धूळ बसते, खाच जाम होते, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे आणखी लवकर घडतं.

चरई, ठाणे

'चढी' आणि 'उतरी' यांनीच टिपणाचा तक्ता करा. मुलांच्या तोंडी हे शब्द तंबोऱ्यापासून आहेतच.

रबाळे

एक शब्द राहिला: 'अर्थिंग'. या घाटाच्या गिटारीत अर्थची वायर बऱ्याचदा टेलपीसच्या एका बुशखाली दबलेली असते. तिथून स्टड, स्टडवरून टेलपीस, टेलपीसवरून तारा, अशी धातूला धातू लागून साखळी जाते. नव्या पट्टीवर रंगाचा थर असला किंवा मध्ये प्लास्टिकची चकती आली तर साखळी तुटते आणि ॲम्पमधून 'घूं' येते. तारेला हात लावला तरी ती कमी होत नाही, ही खूण. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप आला पाहिजे. नाही आला तर पट्टीचा जो भाग स्टडच्या डोक्याखाली झाकला जातो तेवढाच रंग बारीक पॉलिश पेपरने खरवडा, बाहेर दिसतो तो नाही.

नौपाडा, ठाणे

आज सगळं घालतो. बारची उंची बोटांना लागत नसेल तर काय लिहू? मुलं स्टडच फिरवतील अशी भीती वाटते.

ऐरोली

स्टडला हात लावायचा नाही, असंच लिहा. बिग्सबीवर बारची उंची स्प्रिंग ठरवते. नेहमीची स्प्रिंग ७/८ इंचाची, त्याऐवजी १ इंचाची घातली की बार वर येतो. स्प्रिंग काढण्याआधी तारा सैल करा, नाहीतर ती निघतच नाही. ती वाटीत बसते तिथे वायसर असतो. काढताना तो फडक्यावर पडतो आणि लोकांच्या लक्षात येत नाही. तो परत घातला नाही तर बार हलवताना करकर आवाज येतो. टिपणात 'वायसर'च लिहा, 'चकती' नको. दुकानात वायसर मागितला की वायसर मिळतो.