मदत हवी आहे: कुत्र्याला दयामरण देताना डॉक्टर नेमकं काय करतात?

आमच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या किडन्या गेल्यात. खाणं सुटलंय, उठवत नाही, सलाइनचाही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, झोपवायचा विचार करा. निर्णय झालाय, त्यावर सल्ला नको. प्रत्यक्षात काय होतं तेवढं स्पष्ट सांगा. दुखतं का? मला जवळ थांबू देतील का? बाबा म्हणतात बाहेर थांब, मला पटत नाही.

प्रतिसाद १:
मी प्राण्यांची डॉक्टर आहे. बहुतेक वेळा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, स्नायूत किंवा कातडीखाली. कुत्रं गाढ झोपलं की पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेत कॅन्युला (सलाइनसाठी लावतात तशी बारीक नळी) लावायची आणि त्यातून पेंटोबार्बिटल द्यायचं. हे मुळात भुलीचंच औषध, मात्रा मात्र खूप जास्त. त्यामुळे आधी शुद्ध जाते, तीही काही सेकंदांत. मग श्वास थांबतो, मग हृदय. दुखतं ते सुई टोचण्यापुरतं.

किडनीच्या पेशंटचा रक्तदाब उतरलेला असेल तर शीर सापडायला वेळ लागतो, घाबरू नका. शीर नाहीच मिळाली तर पोटात देतात, पण त्याला जास्त वेळ लागतो. थेट हृदयात द्यायचं तर कुत्रं पूर्ण बेशुद्धच हवं.

आणि हे आधीच माहीत असू द्या: डोळे मिटत नाहीत. लघवी-शी होऊ शकते. सगळं थांबल्यावरही एखादा मोठा श्वास येतो, पाय थरथरतात. 'अजून जिवंत आहे!' म्हणून लोक हादरतात, पण तेव्हा त्याला काहीच जाणवत नसतं. स्टेथोस्कोपने ठोके तपासून, बुबुळाला हात लावून खात्री केल्यावरच डॉक्टर 'गेला' म्हणतात.

गुंगी देणार का आणि नंतर कोणतं औषध, हे आधी विचारा. शुद्धीत असताना नुसतं पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट (ही भुलीची औषधं नाहीत) देणार असतील तर सरळ नाही म्हणा.

प्रतिसाद २:
थांब गं, निदान गुंगी चढेपर्यंत तरी. त्याला ओळखीचा आवाज हवा. सह्या आणि पैसे आधीच उरकून घे, नंतर रडत काउंटरवर उभं राहवत नाही. पुरणार असाल तर खड्डा खोल हवा. औषध शरीरात राहतं, कुणी उकरून खाल्लं तर तोही प्राणी मरेल.

धागाकर्ती:
डोळ्यांचं अजिबात माहीत नव्हतं. गुंगीचं उद्याच फोन करून विचारते. त्या दिवशी त्याला आवडीचं काही खायला दिलं तर चालेल?

प्रतिसाद १:
खात असेल तर दोन घास द्या. पोटभर नको, गुंगीच्या काही औषधांनी उलटी होते.